वाळूच्या पोटातले पाणी

[कोरडे पात्र. कुदळीचा आवाज.]

ही नदी आहे. केनियाची राजधानी नैरोबीच्या आग्नेयेला मचाकोस आणि मकुएनी या दोन काउंटींमध्ये काम्बा लोकांचा मुलूख पसरला आहे. येथे पाऊस वर्षातून दोनदा येतो, मार्च ते मे आणि पुन्हा ऑक्टोबर ते डिसेंबर. दोन्ही वेळा नदी काही तास दुथडी भरून वाहते आणि मग मागे केवळ वाळू ठेवते. पात्रात बसलेली ही बाई वाळूत झिरा खणून, तळाशी हळूहळू साचणारे पाणी तुंब्याने वीस लिटरच्या पिवळ्या कॅनमध्ये भरते आहे. कॅन भरेपर्यंत ती मान वर करत नाही.

[थांबावे. कॅन भरू द्यावा.]

ऑगस्टमध्ये, पात्र पूर्ण सुकलेले असताना, येथे काही परदेशी प्रवासी आठवडाभर मुक्कामाला येतात. सिंह आणि हत्ती पाहून झालेले असतात, आता हाताने काही करावे अशी त्यांची इच्छा असते. त्यांच्यापैकी कोणालाही या कामाचा मुकादम केले जात नाही, आणि या उपक्रमातली आम्हाला सर्वांत पटलेली गोष्ट हीच आहे. नदीच्या पात्रात आडवी भिंत घालून वाळू आणि तिच्यातले पाणी अडवणारा बांध कोठे घालायचा हे गावातल्या बचत गटाने आधीच ठरवलेले असते, दगड आणि वाळू गटाने महिनोन्महिने गोळा करून ठेवलेली असते, आणि पाहुण्यांनी मोहिमेसाठी भरलेल्या रकमेतून मुख्यतः सिमेंट येते. अशा सामुदायिक श्रमाला काम्बा लोक ‘म्वेथ्या’ म्हणतात. आपल्याकडे एकाच्या शेतात सारा गाव नांगर घेऊन उतरत असे, त्या इर्जिकीचीच ही सख्खी बहीण म्हणावी लागेल. फरक एवढाच की येथे रांगेत बायकांची संख्या जास्त दिसते.

पहिले दोन दिवस केवळ खोदाई चालते. पात्रातली वाळू उपसत थेट कातळापर्यंत जावे लागते, कारण भिंत कातळावर बसली नाही तर पाणी तिच्या खालून निघून जाते आणि सगळा खर्च वाया जातो. गवंडी, ज्याला येथे ‘फुंडी’ म्हणतात, कातळ झाडूने स्वच्छ करून घेतो, पाणी टाकून भेगा शोधतो, आणि त्या सिमेंटने बुजवल्याशिवाय पुढे जात नाही. मग लाकडी फळ्यांचा साचा उभा राहतो. त्यात सिमेंटचा माल, त्यावर डबर, मध्ये लोखंडी सळ्या आणि काटेरी तारेचे आडवे थर, असे करत भिंत चढत जाते. माल ज्या लोखंडी घमेल्यांतून हातोहात फिरतो, त्यांना येथे ‘कराई’ म्हणतात. आपली कढई भारतीयांबरोबर समुद्र ओलांडून पूर्व आफ्रिकेत गेली आणि बांधकामावर रुजू झाली.

दगडांची रांग काठापासून भिंतीपर्यंत लागली आहे. रांगेतल्या या पाहुण्याने पहिल्या सकाळी दगड बोटांच्या टोकांवर धरला आणि तो पायाजवळ निसटला, तेव्हा शेजारच्या आजींनी काही न बोलता पुढचा दगड पोटाशी टेकवून दाखवला. आता तोही तसाच धरतो आहे.

[थांबावे. दगडांचा आणि गाण्याचा आवाज.]

दुपारी मका आणि घेवड्याचे जेवण होते, आणि त्यानंतर अर्धी मंडळी उतारावर जातात. तेथे ‘फान्या जू’ पद्धतीचे चर खोदले जातात. या स्वाहिली नावातच कृती आहे: समपातळीवर चर खणायचा आणि माती वरच्या अंगाला टाकायची. आपल्या सलग समतल चरांत माती खालच्या बाजूला पडते, त्यामुळे मराठी माणसाला हे पाहताना क्षणभर चुकल्यासारखे वाटते. वरच्या बांधावर गवत लावले की पावसाने ओघळणारी माती त्याच्या मागे अडते आणि काही वर्षांत उताराची पायरी होते. बांधामागे गाळाऐवजी जड वाळू साचावी, यासाठीही शेतातली माती शेतातच थांबणे गरजेचे असते.

खालच्या अंगाला गटाचा जुना बांध आहे. काही पावसाळ्यांत त्याच्या मागे काठोकाठ वाळू भरली. अशा वाळूच्या आकारमानाच्या सुमारे २५ ते ४० टक्के पाणी तिच्यात मावते, वरचा थर सुकला तरी खालच्या पाण्याला ऊन लागत नाही, आणि भिंतीतून काढलेल्या नळाखाली कॅन लवकर भरतो. वाळूवर नैरोबीच्या बांधकामांचा डोळा असल्याने मकुएनी काउंटीला २०१५ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला.

शनिवारी पाहुण्यांची गाडी धूळ उडवत गेली. ही दृश्ये सोमवारची आहेत. भिंत अजून कमरेएवढीच आहे आणि रांग तीच आहे, परंतु दोन माणसांमधले अंतर वाढल्यामुळे दगड देताना प्रत्येकाला आता एक पाऊल पुढे टाकावे लागते.

[निवेदन समाप्त. दगडांचा आवाज चालू राहील.]