रुमालाखालचा भाव

माणदेशातला जनावरांचा बाजार. ऊन अजून चढलेलं नाही. खिल्लार बैलांच्या रांगेपुढं दोन माणसं समोरासमोर उभी आहेत, आणि दोघांचे उजवे हात एकाच टॉवेलाखाली गेलेत.

तोंडं चालूच आहेत. "चाल बघा की त्याची!" "बघितली. मागचा पाय कुठं सरळ टाकतोय?" भोवती दहा-बारा जण कान देऊन उभे. पण आकडा कुणाच्याच तोंडून निघत नाही.

एक बोट धरलं की एक, दोन धरली की दोन, पाचही मुठीत घेतली की पाच. एक बोट म्हणजे एक हजार की दहा हजार, ते बैलाकडं बघूनच दोघांना कळतं. त्यापुढच्या खुणा बाजारागणिक थोड्या बदलतात. पटलं नाही, तर मालक गिऱ्हाइकाची बोटं दाबून आपला आकडा सांगतो. हात हिसकून घेतला की बोलणं फिसकटलं. हात सोडलाच नाही, तर अजून जागा आहे.

चेहरे मुद्दाम कोरे ठेवलेले. मुरलेला खरेदीदार चेहऱ्याकडं बघतच नाही. पकड सैल झाली की घट्ट, एवढंच जोखतो. बैलाचं बोलणं त्यानं आधीच ऐकून घेतलंय. जबडा उघडून वयासाठी दात पाहिले, दोन दातांचा दुसा की चार दातांचा चौसा की सगळे दात आलेला जुळलेला. पाठीवर थाप मारून कान कसे फिरतात ते पाहिलं.

हे झाकून का? पुढच्या गिऱ्हाइकाला मागची बोली कळू नये म्हणून. आणि अडलेल्या माणसानं पडत्या भावात बैल दिला, तर गावच्या पारावर त्याची चर्चा नको म्हणून. झाकली मूठ सव्वा लाखाची, ती अशी.

हीच रीत आंब्याच्या घाऊक बाजारातही चालत आली. तिथं रुमालाखाली हात माल विकून देणाऱ्या अडत्याचा आणि खरेदीदाराचा. बागायतदार दूर कोकणात. ज्याचा माल, त्याचाच हात तिथं नाही. हे मनाला खुपतं. अब्रू झाकणारं कापड तिथं भावच झाकून टाकतं.

इकडं टॉवेल बाजूला झालाय. इसाराच्या नोटा मोजून झाल्या. मालक बैलाच्या गळ्यातलं आपलं दावं सोडतो, गुंडाळून खांद्यावर टाकतो. गिऱ्हाईक नवा कासरा बांधून वाट बघतंय.

मालकाचा एक हात वशिंडावर आहे. तो अजून निघालेला नाही.