लाइट लावा, पंखे लावा, पण वायर कुठून नेताय ते आधी बघा

मुंबईची जुनी पद्मिनी टॅक्सी आठवतेय ना, काळी-पिवळी, एसी नाही, म्हणून डॅशबोर्डवर एक छोटा जाळीवाला पंखा गरगरत असायचा आणि छतावर फुलाफुलांचं रेक्झिन. 2023 च्या ऑक्टोबरमध्ये त्या टॅक्स्या रस्त्यावरून कायमच्या गेल्या, पंख्याची हौस मात्र गेली नाही. आता टुरिस्ट गाड्यांत मागच्या सीटसाठी दोन-दोन पंखे असतात, सीटखाली निळी एलईडी स्ट्रिप, देवाच्या मूर्तीला वेगळी लाइट. दिसायला भारीच दिसतं, त्यात वाद नाही. आपण बघणार आहोत ते या सगळ्याच्या मागचं, पॅनलच्या आत लपलेलं वायरिंग.

गाडीत 12 व्होल्ट असतात, हात लावला तरी शॉक बसत नाही, म्हणून लोकांना वाटतं यात काय धोका. पण शॉक नाही म्हणजे आग नाही असं थोडीच असतं. शॉर्ट झाला की बॅटरी क्षणात शेकडो अँपिअर सोडते आणि बारीक वायर लाल होऊन तिचं कव्हर पेटतं, शेजारी कार्पेट, फोम, रेक्झिन सगळं जळायला तयारच.

आता हिशोब. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात मिळतो तसा एलईडी स्ट्रिपचा पाच मीटरचा रोल घ्या, मोठ्या 5050 चिपचा, मीटरला 60 एलईडीवाला. हा मीटरला साधारण 14.4 वॉट खातो, म्हणजे अख्खा रोल 72 वॉट, भागिले 12, झाले 6 अँपिअर. शिवाय इंजिन चालू असताना व्होल्टेज 14 च्या वर जातं, मग स्ट्रिप जास्त करंट ओढते, तापते आणि मागची चिकट टेप सोडते (स्ट्रिप लोंबकळायला लागते ती बऱ्याचदा यामुळेच). पंख्याचं वेगळंच, चालताना एक-दीड अँपिअर, पण पात्यात चुकून ओढणी अडकली आणि मोटर जाम झाली की त्याच्या कितीतरी पट. म्हणून पंख्यांना वेगळा फ्यूज, लाइटला वेगळा. सहा अँपिअरच्या लाइटला दीड स्क्वेअर एमएमची वायर आणि 10 अँपिअरचा लाल फ्यूज, एका पंख्याला 5 चा बदामी पुरतो.

आणि फ्यूज बसवायचा कुठे? सगळ्यात जास्त गडबड इथेच होते. बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरात, त्यापुढे नाही. बरेच जण तो आत डॅशबोर्डखाली लावतात, बदलायला सोपा म्हणून, पण फ्यूज असतो वायर वाचवायला, लाइट वाचवायला नाही. बॅटरीपासून डॅशबोर्डपर्यंतची वायर मग उघडीच राहिली ना, आणि ती जाते इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्यातून, त्या भोकाची कड ब्लेडसारखी, गाडी हादरते, वायर घासते, सहा महिन्यांनी तांबं पत्र्याला टेकतं आणि आतला फ्यूज तसाच शाबूत. म्हणून भोकात रबरी ग्रोमेट (कडेवर बसणारी रिंग) आणि वायरवर फ्लेक्सिबल पाइप, दोन्ही पाहिजेत. फ्यूज उडाला म्हणून त्यावर सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळणारे अजून आहेत, त्यांच्याकडे गाडी देऊच नका.

काम सुरू करताना आधी बॅटरीचा मायनस काढायचा. प्लसला आधी हात घातला आणि पाना बॉडीला टेकला की तिथेच फटाका.

सप्लाय थेट टेललाइटच्या वायरला टोचून घेऊ नका, नवीन गाड्यांत कंट्रोल युनिट त्या वायरवर लक्ष ठेवतं, मीटरवर वॉर्निंग येते. रिले लावा, म्हणजे स्विचच्या थोड्याशा करंटवर लाइटचा मोठा करंट चालू-बंद करणारी छोटी डबी. चार पिनांचा असतो, 30 ला फ्यूजमधून आलेला बॅटरीचा प्लस, 87 वरून लाइट, 85 ला अर्थ (म्हणजे गाडीची बॉडी, बॅटरीचा मायनस), आणि 86 ला स्विचमधून आलेली एसीसीची (चावी फिरवल्यावरच सप्लाय येणारी) वायर, म्हणजे चावी काढली की लाइट आपोआप बंद. नाहीतर 35 एएचची (अँपिअर-अवर) बॅटरी आणि 6 अँपिअरचे लाइट रात्रभर, सकाळी धक्का मारायला सोसायटीतली माणसं गोळा करा. अर्थ मात्र रंग खरवडून साफ केलेल्या पत्र्यावरच घट्ट बोल्टने, प्लास्टिकच्या पॅनलमधल्या कुठल्याही स्क्रूला नाही.

जोड पिळून वर काळी टेप, हे घरच्या माळेला चालेल, गाडीत नाही. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत टेपचा गोंद वितळून जोड उघडा पडतो. थिंबल (धातूची छोटी टोपी) क्रिम्प करा, म्हणजे पक्कडीने दाबून बसवा, वर हीट श्रिंक स्लीव (गरम केली की आवळणारी नळी) चढवा, पाच मिनिटं जास्त लागतील, लागू देत.

एक गोष्ट अजिबात विसरू नका. गाडीच्या छताला आधार देणाऱ्या खांबाच्या कव्हरवर एअरबॅग लिहिलं असेल तर त्यातून वायर नाही, सीटखालच्या एअरबॅगच्या पिवळ्या कनेक्टरला हात नाही, आणि डाव्या बाजूच्या डॅशबोर्डवर एअरबॅगच्या झाकणावर पंखा नाही, कारण बॅग फुटली की तो पंखा सरळ पुढे बसलेल्याच्या तोंडावर. बाहेरून लाइट लावत असाल तर समोर लाल दिवा नियमातच बसत नाही, पोलीस थांबवणारच.

सगळं झालं की इंजिन चालू ठेवून लाइट-पंखे अर्धा तास चालवा आणि मग फ्यूज होल्डर, रिले, प्रत्येक जोड हाताने चाचपून बघा. कोमट असेल तर ठीक, बोट ठेववत नसेल तर तो जोड सोडवून पुन्हा करायचा, त्याच दिवशी, पॅनल बसवायच्या आधी.