वेबसाइटवर कुठली इमेज कशात सेव्ह करायची?

ही दिवाळी ऑफरची इमेज बघा. लाल पट्टी, त्यावर पिवळ्या अक्षरांत ‘खरेदीचा आनंद’. आता झूम करूया. शिरोरेषेभोवती धुरकट ठिपके दिसतायत? आणि ‘आनंद’वरचा अनुस्वार तर शेजारच्या लाल रंगात विरघळलाय. डिझाइन छान आहे, फक्त सेव्ह जेपेग या फॉरमॅटमध्ये केलंय.

जेपेग चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन पाडतं आणि त्यांतले बारीक तपशील टाकून देतं. शिवाय रंगाची माहिती बहुतेक वेळा उभी-आडवी निम्मीच ठेवतं. डोळ्याला रंगापेक्षा उजेड-अंधार जास्त बारकाईने कळतो, म्हणून फोटोत हे खपून जातं. अक्षराची कड मात्र एका पिक्सेलवर पिवळी, पुढच्यावर लाल. तिथे लबाडी लगेच उघडी पडते. मात्रा, रफार, अनुस्वार असलेल्या आपल्या लिपीला हे जास्तच नडतं.

म्हणून अक्षरं, तक्ते, स्क्रीनशॉट असतील तर पीएनजी किंवा लॉसलेस, म्हणजे तपशील न टाकणारं, वेबपी. लोगो व्हेक्टरमध्ये, म्हणजे पिक्सेलऐवजी रेषा-आकारांत, असेल तर सरळ एसव्हीजी, पण अक्षरं आधी आउटलाइन करून घ्या, म्हणजे त्यांचे आकार बनवा. नाहीतर ज्याच्याकडे तो फॉन्ट नाही, त्याला भलतीच अक्षरं दिसतील. आणि खरं सांगायचं तर ऑफरचा मजकूर पानावरच टाइप करा. तो सर्चमध्ये सापडतो, दृष्टिहीनांना पान वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरला वाचता येतो.

फोटोसाठी लॉसी, म्हणजे थोडे तपशील टाकून देणारं, वेबपी, क्वालिटी ७५ ते ८०. एव्हीआयएफ या त्याहून नव्या फॉरमॅटमध्ये फाइल बहुधा आणखी लहान होते, पण सफारीत ते २०२२ मध्ये, आवृत्ती १६ पासून आलं. त्यामुळे पानाच्या एचटीएमएल कोडमधल्या पिक्चर टॅगमध्ये आधी एव्हीआयएफ, मग वेबपी, शेवटी इमेज टॅगमध्ये जेपेग. क्रम चुकवू नका, ब्राउझर चालणारा पहिलाच पर्याय उचलतो.

त्याआधी फोटोचं माप कमी करा. फोनचा ४००० बाय ३००० चा फोटो पानावर ८०० पिक्सेल रुंद दिसणार असेल, तर दाट पिक्सेलच्या स्क्रीनसाठी दुप्पट धरूनही १६०० बाय १२०० पुरे. पिक्सेल एक षष्ठांशाहून कमी होतात. एवढी बचत नुसता फॉरमॅट बदलून सहसा होत नाही.

फाइलच्या नावातलं जेपीजी खोडून पीएनजी लिहिलं, तर फक्त नाव बदलतं. खराब जेपेग खरोखर पीएनजीत बदललं, तरी गेलेले तपशील परत येत नाहीत, फाइल तेवढी फुगते. मूळ फाइल जपून ठेवा.

आता ब्राउझरमध्ये स्क्वूश हे इमेज लहान करायचं साधन उघडा, तुमची इमेज टाका, झूम १०० टक्क्यांवर ठेवा. क्वालिटी खाली आणत जा, मधली पट्टी सरकवून आधीची आणि नंतरची इमेज ताडून बघा आणि नजर अनुस्वारावर ठेवा. तो मळायला लागला, की दोन पायऱ्या वर या.