दोर ओढणं सोपं, सोडणं अवघड

श्रोतेहो, नमस्कार.

पुण्याच्या आसपास हौसेने पाळलेले घोडे बहुधा दोन वाटांनी येतात. काही सारंगखेड्याच्या यात्रेसारख्या बाजारातून आणलेले मारवाडी किंवा काठेवाडी असतात, तर काही शर्यतीतून निवृत्त झालेले थरोब्रेड. जात कोणतीही असो, खोगीर चढवण्याआधीचे काही आठवडे जमिनीवर उभं राहून शिकवण्यात घालवावेत. घोडा दाबामुळे शिकत नाही, दाब कधी सुटला यावरून शिकतो, आणि हे गणित खाली उभं राहूनच नीट जमतं.

मागे सरकायला शिकवण्यापासून सुरुवात करा. साधी मोरखी, म्हणजे घोड्याच्या डोक्यात अडकवायचा दोरीचा साज, आणि साडेतीन मीटरचा, अंगठ्याएवढा जाड सुती दोर पुरे. उरलेल्या दोराच्या घड्या मुठीत धरा. हाताला वेढा कधीही घेऊ नका, घोडा बिथरला तर बोटं जायची. घोड्याच्या डाव्या खांद्याशी उभे राहा, हनुवटीपासून वीतभर अंतरावर दोर धरा आणि त्याच्या छातीच्या दिशेने हलकी ओढ द्या. हिसका नको. आता थांबा. तो मान उंच करील, पुढे रेटा देईल, खुराने माती उकरील. ओढ वाढवू नका, सोडूही नका. थोड्या वेळाने त्याचा भार मागच्या पायांवर जातो आणि पुढचा एक गुडघा सैल पडतो. पाऊल अजून उचललेलं नसतं, पण दोर सोडायचा तो नेमका याच वेळी, सेकंदाच्या आत. पाच-सहा वेळा झालं की विश्रांती द्या. पुढच्या वेळी एक पाऊल मागा, मग दोन.

बहुतेकांचं चुकतं ते इथेच. घोड्याने मान झटकली की आपला हात आपोआप सैल होतो, आणि मान झटकली की सुटका होते हे तो पक्कं शिकतो. उलट चूक म्हणजे काम झालं तरी ओढ चालू ठेवून तोंडाने ‘शाबास’ म्हणत राहणं. पुढे लगामावरही हीच सवय राहिली की घोडा तोंडाचा निबर होतो आणि मग मालक आणखी कडक लगाम आणायला निघतो!

शर्यतीच्या घोड्याला तर लगामावर भार टाकून पळायचीच सवय असते. तो उधळला की दोन्ही हातांनी मागे खेचल्याने आणखी जोर धरतो. त्याला दुडकीवर असतानाच एका लगामाने हळूहळू लहान गोलात वळवायला शिकवून ठेवावं. स्वार चढेपर्यंत स्थिर उभं राहणंही त्याला बहुधा नव्याने शिकवावं लागतं.

तो काय सांगतो आहे ते कानांवरून कळतं. काठेवाडी-मारवाडी घोड्यांच्या कानांची टोकं आत वळलेली असतात, म्हणून टोकांकडे न पाहता कानाच्या बुडाकडे पाहा. कान मानेला चिकटले तर मागे व्हा. कपाळासमोरचं आणि शेपटीमागचं त्याला दिसत नाही, तेव्हा समोरून कपाळावर थाप नको. मान पाठीला मिळते तिथे, आयाळ संपते त्या जागी खाजवा. गूळ हातावर देऊ नका, घमेल्यात टाका, नाहीतर खिसे चावायची खोड लागते.

आता ढोल-ताशा. गणपतीआधी नदीपात्रात पथकांचा सराव सुरू होतो, त्याचा उपयोग करून घ्या. आवाजाकडे कान वळतात पण चरणं थांबत नाही, एवढ्या अंतरावर घोडा उभा करा. चरणं थांबलं तर तुम्ही जास्त जवळ आलात, दहा-वीस पावलं मागे घ्या. त्याने मान खाली घालून श्वास सोडला की पाठ फिरवून त्याला तिथून घेऊन चला. हीसुद्धा दोराची ढीलच. दुसऱ्या दिवशी थोडं पुढे. ढोलापेक्षा ताशाची कडकड त्याला जास्त बोचते, म्हणून ताशाच्या बाजूने जाताना अंतर दुप्पट ठेवा. विसर्जनाच्या दिवशी मात्र, तयारी कितीही झालेली असो, घोडा तबेल्यातच राहू द्या आणि पुढ्यात भरपूर वैरण टाका.