नऊवारीची तीन दुपटी

(दृश्य : वाईतलं जुनं घर. माजघरात पसरलेली हिरवी नऊवारी. आवाज फक्त कात्रीचा.)

ही माझ्या आजीची साडी. नऊ वार, म्हणजे आठ मीटरच्या वर कापड. आई ती खिडकीसमोर धरते आणि हाताने पुढे पुढे सरकवत जाते. जिथून उजेड जास्त झिरपतो, तिथे कापड विरलेलं. काष्ट्याचा भाग उठून-बसून झिजलाय. तो कापून बाजूला. उरलेल्यातून बाळाची दुपटी निघणार, मीटर-मीटरची आणि दुपदरी. नुसता हिशोब केला तर चार निघायला हवीत. विरलेलं वगळलं की तीनच बसतात.

"आई, मऊ मलमल मिळते गं बाजारात. आणू का?"

"नव्याला खळ असते. ही तीस वर्षं धुतलीय."

एवढं बोलून ती पुन्हा कात्री चालवते.

धुण्यागणिक सुताची खळ जाते, कापडाचा ताठा जातो, ते पाणी चटकन टिपायला लागतं. दुपट्याला नेमकं हेच लागतं. दुकानातल्या कोऱ्या कापडाला तिथवर पोचायला काही वर्षं जातील, आणि आमच्या बाळाला यायला आता पाचच आठवडे आहेत.

माझी वहिनी सांगलीला माहेरी गेलीय. पहिलं बाळंतपण. इकडे आई बाळंतविडा करतेय. दुपटी, झबली, टोपडी, लोकरीचे मोजे, स्वेटर, एक छोटी गोधडी. बाळ जन्माला येण्याआधी त्याच्यासाठी नवं काही आणायचं नाही, असं पुष्कळ घरांत पाळतात, आमच्याकडेही. म्हणून आधी जुन्याचं काम. नवं जे काही असेल ते बारशाला.

(दृश्य : शिलाई मशीन. सुईखाली छोटं झबलं.)

झबलं नीट बघा. शिवण बाहेरच्या बाजूला आहे. काखेतली, खांद्यावरची, सगळीच. पाहणाऱ्याला उलटं घातल्यासारखं वाटेल, पण आतून बाळाच्या अंगाला एकही शिवण लागत नाही. पुढून पूर्ण उघडं, बटण कुठेच नाही, कापडाचेच बंद. तान्ह्या बाळाची मान धरत नाही, त्यामुळे डोक्यावरून ओढून घालायचं काही नको. बंद आई एका बाजूला, काखेशी लावते. पोटावर गाठ आली तर बाळ पालथं ठेवल्यावर ती टोचते.

हे तिला कुणी वर्गात शिकवलेलं नाही. तिच्या सासूने तिच्यासमोर शिवलं, ते बघून ती शिकली.

(दृश्य : आईच्या हातात जुना, निळा, लहान मुलाचा स्वेटर.)

हा दादाचा. पस्तीस वर्षांपूर्वी आईनेच विणलेला. त्याच्यानंतर मी घातला, मग मामेभावाने. कोपरं गेलीत, बाकी लोकर शाबूत. आई आता तो उसवतेय.

उसवायचं कुठूनही नाही. जिथे टाके बंद केले होते, त्या शेवटच्या टोकापासून सुरुवात करायची. आधी शिवणी सोडवून बाह्या वेगळ्या केल्या, मग गळ्याशी गाठ सापडली. ती सुटली आणि ओळीमागून ओळ सरसर निघायला लागली. मी दोन्ही हात पुढे करून बसलेय आणि आई माझ्या हातांवर लोकर गुंडाळतेय. लहानपणी हे काम दादाचं असायचं. तो पाच मिनिटांत कंटाळायचा.

निघालेली लोकर कुरळी असते. इतकी वर्षं टाक्यांमध्ये वाकून राहिलेली. तिची लडी करून चार ठिकाणी सैल बांधायची, कोमट पाण्यात भिजवायची, न पिळता दांडीवर टाकायची. खाली वजन म्हणून आईने पातेल्याचं झाकण अडकवलंय. दुसऱ्या दिवशी सकाळी लोकर सरळ.

(दृश्य : सुयांवर निळी वीण. बोटांचा जवळून घेतलेला शॉट.)

बारा नंबरच्या सुयांवर बॉर्डर, एक सुलट एक उलट. पुढे अंगाला दहा नंबर. सुयांचा नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक, हे नवशिक्याला आधी सांगावं लागतं. बारीक सुईवर बॉर्डर घट्ट येते आणि धरून बसते. बाळाच्या स्वेटरला आई जाळीची नक्षी घालत नाही. जाळीच्या भोकांत बाळाची बोटं अडकतात. ही खरी लोकर आहे, उघड्या अंगाला टोचेल, म्हणून आत सुती झबलं घालायचं आणि त्यावर हा स्वेटर.

टोपी मी करायला घेतली होती, त्याबद्दलही सांगते. बारशासाठी, म्हणून नव्या, मऊ बेबी वूलची. जन्मलेल्या बाळाच्या डोक्याचा घेर साधारण 35 सेंटिमीटर. तेवढं माप धरून मी वरून खाली विणत आले, आणि शेवटी कडेचे टाके फार आवळून बंद केले. दिसायला सुरेख, पण ताणली की कड हलतच नव्हती. आईने दोन बोटं आत घालून बघितली आणि टोपी माझ्याकडे परत दिली.

"कपाळावर वळ उठेल गं."

कड सोडली. शेवटची ओळ जाड सुईवर घेऊन सैल हाताने बंद केली. तीन वेळा करावं लागलं. त्या तीन वेळांत मला कळलं, की विणताना मी कॅमेऱ्यात टोपी कशी दिसेल याचा विचार करत होते आणि आई कपाळाचा.

मोजे क्रोशाचे. घोट्याशी साखळीची दोरी ओवलेली, नाहीतर दोन लाथांत मोजा पलंगाखाली. मोजा झाला की आई तो उलटा करते आणि आतून बोट फिरवते. सुटा धागा राहिला तर तो बाळाच्या पायाच्या बोटाला वेढून बसू शकतो, आणि बाळ रडतंय कशाने ते कुणाला कळत नाही. प्रत्येक मोजा दोनदा तपासते.

(दृश्य : ओटीवर गोधडी. चार कडांना चार बायका. कोपऱ्यावर वरवंटा.)

गोधडीत काय काय आहे, ते आई हात ठेवून सांगते. वर आजीच्या साडीचा काठ. खाली माझा शाळेतला परकर. मधे एक जुनी गोधडी अख्खीच घातलीय, तिच्या आतही कुणाची तरी लुगडी आहेत. कोपऱ्यांवर वजन ठेवून कापड ताणलंय. धावदोरा कडेने सुरू होतो, चौकोनात चौकोन घेत मध्याकडे येतो. शेजारच्या काकूंचा टाका लांब, आईचा आखूड. धुतल्यावरही कुणाची बाजू कुठली ते ओळखू येतं.

(दृश्य : लाल खण, जरीचा काठ.)

आमच्या घरात कुंची आत्याने करायची. म्हणजे ही माझी. खण गुळेदगुड्डचा. कर्नाटकात बागलकोट जिल्ह्यात हे गाव आहे आणि चोळीच्या खणांसाठी पिढ्यानपिढ्या ओळखलं जातं. आयताकृती कापड मधोमध दुमडायचं, वरची कड शिवली की डोक्याचा आकार येतो. मानेशी बारीक चुण्या घालून बंद लावायचे, पाठीवर घोळ मोकळा. आतून आजोबांच्या धोतराचं अस्तर, कारण जरीचा काठ टोचतो. कपाळावरच्या काठाला मी मोती लावले होते. ते सगळे उसवले. बाळाच्या तोंडात जातील. मागच्या टोकाला घट्ट शिवलेला गोंडा तेवढा ठेवलाय.

(दृश्य : सांगली. पाळणा. बायकांची गर्दी.)

मुलगी झाली. बाराव्या दिवशी बारसं. कुंची घालून तिला माझ्या हातात दिली, मी कानाशी वाकले, आणि नाव सांगायच्या आधीच पाठीत धपाटे सुरू झाले. कुर्रर्र. ती जागी झाली नाही.

(दृश्य : वाई. ट्रंक उघडी.)

चार महिन्यांनी पार्सल आलं. लहान झालेली झबली, मोजे, निळा स्वेटर. कुंचीसुद्धा. स्वेटरच्या कोपरांना अजून काही झालेलं नाही, त्यामुळे तो उसवायचा नाही. आई सगळं धुऊन, वाळवून, वेखंडाचे तुकडे घालून ठेवतेय. झाकण लावता लावता थांबते. मामेभावाच्या बायकोला सातवा लागलाय.

"दुपटी पुरायची नाहीत," आई म्हणते. "तुझी ती पिवळी सुती साडी कुठेय गं?"