बिनपंख्याचा संगणक आणि अकोल्याचा मे महिना

बसा, बसा. मागे कूलरजवळ गर्दी करू नका, तिथे माझा आवाज पोहोचणार नाही. आजचा विषयही तोच आहे म्हणा: पंख्याचा आवाज. अध्यक्षांनी मला पाऊण तास दिलाय, त्यातली दहा मिनिटं माझी ओळख करून देण्यात त्यांनीच खर्च केली.

आधी ही वस्तू हातोहात फिरवा. ॲल्युमिनियमचा हीटसिंक आहे, म्हणजे संगणकाच्या प्रोसेसरची, त्याच्या मेंदूची म्हणा, उष्णता ओढून हवेत सोडणारा ठोकळा, किलोभर वजनाचा. पायावर पाडू नका. पात्यांमधली फट बघा, सहज पेन्सिल जाते. नेहमीच्या पंखेवाल्या हीटसिंकची पाती फणीच्या दातांसारखी दाट असतात, कारण तिथे पंखा जबरदस्तीनं हवा ढकलतो. इथे ढकलणारं कोणी नाही. हवा तापायची, हलकी व्हायची, आपल्या पायानं वर चढायची. तिला वाट रुंद लागते. पाती उभी हवीत, आडवी केली की हवा अडकली.

आता मी या नादाला लागलो कसा, ते सांगतो. निवृत्तीनंतर मी अंध विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करतो. अकरावीचा इतिहास आख्खा वाचला, फार अभिमानानं पाठवला. एका मुलाचा फोन आला. ‘सर, वाचता छान. पण तुमच्या घराखाली पिठाची गिरणी आहे का?’ गिरणी कसली! टेबलाखालचा संगणकाचा डबा होता, त्यातला पंखा. माझ्या कानांना तो तीन वर्षांत कधी ऐकूच आला नव्हता. सवय झाली की कान झाकण लावून घेतात, मायक्रोफोन बिचारा लावत नाही.

मग मी सरळ पंख्याचे चार स्क्रू काढले. बायको तेव्हा नागपूरला माहेरी. संध्याकाळी फोनवर मी उत्साहानं सांगितलं, ‘आज कूलर काढून टाकला.’ पलीकडे शांतता. आता संगणकवाले प्रोसेसरवरच्या त्या वस्तूला कूलर म्हणतात, आणि विदर्भात कूलर म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. मे महिना, अकोला, पारा पंचेचाळिशीला टेकलेला. ती म्हणाली, ‘अहो, बरं वाटत नाही का तुम्हाला?’ तासाभरात शेजारचे काका दार वाजवायला हजर. तिनं पाठवलेले! ते आत आले, खिडकीतला कूलर खसच्या वासासकट व्यवस्थित चालू बघून माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती अजून आठवते.

इकडे संगणकाची निराळीच तऱ्हा. रोज सकाळी सुरू केला की काळ्या पडद्यावर एकच तक्रार: सीपीयू फॅन एरर, पुढे जायचं तर एफ-वन दाबा. मदरबोर्डला, म्हणजे आतल्या मुख्य पाटीला, पंख्याचे फेरे मोजायची सवय असते, फेरे शून्य दिसले की तो अडून बसतो. बायॉसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन त्या पंख्यावरची देखरेख बंद करावी लागते. मी दुकानात विचारायला गेलो तर तिथला पोरगा म्हणाला, ‘काहून काढता जी पंखा? बिनपंख्याचं जळते ना थे!’

तर, जळतं का? चांगला प्रश्न. २००१ साली टॉम्स हार्डवेअर या संकेतस्थळानं चालू संगणकावरून चक्क हीटसिंकच उचलून दाखवला होता. एएमडीचा ॲथलॉन धूर काढून मेला. इंटेलचा पेंटियम ४ नुसता मंदावला आणि चालत राहिला. त्यानंतर आपापलं तापमान मोजून वेग उतरवणं सगळ्याच प्रोसेसरांनी अंगवळणी पाडून घेतलं. आजचा प्रोसेसर साधारण १०० अंशांच्या आसपास पोहोचला की आपण होऊन हळू होतो, त्याही पलीकडे गेला की बंद पडतो. माझा तसाच झाला. शिवाजी महाराज आग्र्याहून निसटत असतानाच पडदा काळा. पेटारे दारातच राहिले.

ही हौस नवी नाही बरं का. १९८० साली ॲपल थ्री आला. स्टीव्ह जॉब्जचा हट्ट, पंखा नको. आतल्या चिप्स सॉकेटमधून सैल व्हायच्या, आणि खुद्द कंपनीच सांगायची की यंत्र टेबलावरून थोडं उचला आणि खाली सोडा! आपण रेडिओला चापट मारायचो, तसंच. माणूस तरी हट्ट सोडेल? वीस वर्षांनी, २००० साली, जी-फोर क्यूब काढला. काचेसारख्या पेटीत बसवलेला देखणा ठोकळा, मधून हवा वर जायला धुराड्यासारखी वाट. वर्षभरात उत्पादन थांबवलं. आणि २०२० साली त्याच कंपनीनं एम-वन चिपचा बिनपंख्याचा मॅकबुक एअर आणला, तो मात्र मजेत चालला. काय बदललं होतं? धुराडं नव्हे. चिपच कमी तापत होती. हा मुद्दा लक्षात ठेवा, मी परत येतो त्याच्यावर... किती? बारा मिनिटं? अहो, घड्याळ पुढे असेल तुमचं.

बरं, आता घाईनं सांगतो. माझं म्हणणं असं की पंखा काढू पाहणारे सगळे चुकीच्या टोकाला धरतात. ते मोठा हीटसिंक शोधतात. नॉक्टुआनं २०२१ साली खास बिनपंख्याचा, सव्वा किलोच्या घरातला हीटसिंक काढला, वस्तू उत्तम आहे. पण कंपनी ऑस्ट्रियाची. हिशेब साधा आहे: भोवतालचं तापमान, त्यात दर वॉटमागे हीटसिंक जेवढे अंश चढतो तेवढी भर. समजा दर वॉटला एक अंश. ६५ वॉटचा प्रोसेसर २२ अंशांच्या खोलीत ८७ वर थांबेल. आमच्याकडे दुपारी कूलर बंद केल्यावर खोलीच ४२ असते. बेरीज करा. १०७. म्हणजे गेला. त्यांच्या चाचण्या खोट्या नाहीत, त्यांची खोली वेगळी आहे. आता त्याच खोलीत, त्याच हीटसिंकखाली ३५ वॉटचा प्रोसेसर ठेवा. ७७. झोपेत चालेल.

म्हणून आधी वॉट उतरवा. इंटेलचे नावापुढे ‘टी’ लावलेले प्रोसेसर मिळतात, ते ३५ वॉटचे. एएमडीच्या बऱ्याच प्रोसेसरांना बायॉसमध्ये इको मोड आहे, वीज कमी खाण्याची सोय. इंटेलचाच एन-१०० प्रोसेसर तर सहा वॉटचा, ध्वनिमुद्रणाला रग्गड. हे काहीच नको असेल तर व्होल्टेज कमी करा. प्रोसेसर काम करताना जी वीज खातो ती वेगाच्या प्रमाणात वाढते, आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. वेग वीस टक्के कमी केला आणि व्होल्टेजही वीस टक्के उतरवता आलं, तर ०.८ चा घन, ०.५१. उष्णता निम्मी! वीस टक्के वेग गेल्याचं वाचन करणाऱ्या माणसाला कळतसुद्धा नाही. व्होल्टेज एकदम पाडू नका, थोडं थोडं उतरवा, दर पायरीला तासभर ताण देऊन बघा.

दोन गोष्टी राहिल्या. प्रोसेसरचा पंखा फुकटात शेजाऱ्यांनाही वारा घालत असतो, व्होल्टेज देणाऱ्या घटकांना, रॅमला. तो गेला की ते तापतात. तिथले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर दहा अंशांनी जास्त तापले की आयुष्य साधारण निम्मं होतं, म्हणून डब्याला वर आणि खाली जाळी हवीच, आणि डबा भिंतीला चिकटवू नका. दुसरं, हीटसिंक चकचकीत घेऊ नका. काळं ॲनोडायझिंग केलेला, म्हणजे वर ऑक्साइडचा काळा थर चढवलेला घ्या. पंखा असताना फरक पडत नाही, पण पंखा नसेल तर उष्णतेचा मोठा वाटा प्रारणानं बाहेर जातो, आणि घासलेलं ॲल्युमिनियम त्या बाबतीत अगदी कंजूष.

धूळ, उंदीर, पंख्यात अडकलेली पाल यांच्यावर एक स्वतंत्र प्रकरण होतं, ते अध्यक्षांच्या चेहऱ्याकडे बघून गाळतो.

हो, ध्वनिमुद्रण आता स्वच्छ होतं. फक्त पहाटे पाच ते सात. त्यानंतर खिडकीतला कूलर लावावा लागतो, त्याला मी हात लावायचा नाही असं घरात ठरलंय.

तो हीटसिंक कुठवर पोहोचला? तिसऱ्या रांगेत होता मघाशी. मागच्या भाषणात असाच एक फिरायला दिला होता, तो अजून फिरतोच आहे.