कपाटाची चावी

श्रोतेहो, नमस्कार.

शाळेत गणिताचे शिक्षक चार असतात, मराठीचे तीन. ग्रंथपाल एकच, तोही असला तर. स्टाफरूममध्ये बसावं तर आम्ही ‘शिक्षकेतर’, आणि ऑफिसात गेलं तर बाबू म्हणतात, मॅडम, तुमचं इथे काय काम? नागपुरातल्या शाळेत बावीस वर्षं मी या दोन दारांच्या मधे काढली. कुणी रजेवर गेलं की निरोप ठरलेला, “तुम्ही मोकळ्याच आहात, सातवी ब सांभाळा.” मी मोकळी कधी होते, हे मलाही जाणून घ्यायचं आहे.

शिक्षण हक्क कायदा आला २००९ साली. प्रत्येक शाळेत ग्रंथालय हवं, त्यात वर्तमानपत्रं, मासिकं, गोष्टींची पुस्तकं हवीत, असं त्याच्या परिशिष्टात लिहिलंय. सहावी ते आठवीत शंभरावर मुलं असतील तर चित्रकला, आरोग्य-शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षणाला अर्धवेळ शिक्षकही सांगितलेत. ग्रंथपाल मात्र त्या यादीत नाही. म्हणजे स्वयंपाकघर बांधा म्हटलं, रांधणाऱ्याचं नाव काढलं नाही.

याच एकटेपणाला कंटाळून आम्ही काही जणी महिन्यातून एका शनिवारी भेटू लागलो. महालातल्या, हिंगण्याच्या, कामठीकडच्या. गटाला नाव नाही, पावतीपुस्तक नाही. तर्री-पोहे असतात. पहिल्या दोन भेटी नुसत्या रडगाण्यात गेल्या, हे कबूल करते. तिसऱ्या भेटीत एकीने हळूच सांगितलं, “माझी कपाटं बंदच असतात. पुस्तक हरवलं तर पडताळणीत मलाच भरून द्यावं लागेल, ही भीती.”

मग एकेक हात वर झाला. माझाही. आम्हीच वाचनाच्या नावाने भाषणं करायची आणि आम्हीच कुलूप लावायचं!

त्यावर एका निवृत्त ताईंनी केंद्र सरकारचे २०१७ चे सामान्य वित्तीय नियम काढून दाखवले. वर्षभरात हजार पुस्तकं दिली-हाताळली गेली, तर पाच जाणं रास्त धरावं, मात्र अप्रामाणिकपणा किंवा हलगर्जी नसावी, असं तिथे स्पष्ट आहे. हे नियम केंद्राच्या कचेऱ्यांचे, आमच्या संस्थांना थेट लागू नाहीत. पण मुख्याध्यापकांसमोर ठेवायला कागद तरी हाती आला. माझ्या सरांनी तो दोनदा वाचला आणि म्हणाले, “पाच ना? सहावं गेलं तर बघू.” त्या दिवसापासून माझी चार कपाटं मधल्या सुट्टीत उघडी असतात.

आपल्याकडच्या ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये या शास्त्राची पाच सूत्रं मांडली. पहिलंच सूत्र, ग्रंथ हे उपयोगासाठी आहेत. त्यांच्या जन्मदिवशी, १२ ऑगस्टला, आम्ही फोटोला हार घालतो, आणि तेरा तारखेला चावी पुन्हा कनवटीला.

मोर्च्याचं मला वावडं नाही. हिवाळी अधिवेशनात यशवंत स्टेडियमच्या मंडपात थंडीत कुडकुडत मीही बसले आहे. पदं भरा, अर्धवेळांना पूर्णवेळ करा, या मागण्या रास्तच आहेत. पण पटावर पद ठरतं आणि पट घसरतोय, तेव्हा नुसत्या निवेदनाने भागत नाही. म्हणून आता आम्ही सगळ्या एकसारखी वही ठेवतो. कोणत्या वर्गाने किती पुस्तकं नेली, ग्रंथालयाचा तास किती वेळा दुसऱ्या विषयाने खाल्ला, आणि मुलांनी काय मागितलं. त्यातली एक नोंद वाचते. सहावीतला मुलगा म्हणाला, “मॅडम, ते निळं पुस्तक द्या ना, ज्यात पोरगा विहिरीत पडते.” नाव नाही, लेखक नाही. शोधायला दोन दिवस लागले. हे काम कोणत्याही तक्त्यात बसत नाही, म्हणून वहीत लिहायचं.

संस्थेच्या बैठकीत माझी वही गेली, तेव्हा प्रथमच कुणी विचारलं की, ग्रंथालयाच्या तासाला गणित का घेता?

येत्या शनिवारी पोहे नाहीत. आमच्यातल्या एकीच्या ग्रंथालयात सहा वर्षांपासून तुटके बाक रचून ठेवलेत, ते बाहेर काढायचे आहेत. परवानगी मिळाली आहे, टेम्पो मात्र आमचा आम्हीच आणायचा. बाकांमागे दोन कपाटं आहेत म्हणतात. वाळवी किती, ते गेल्यावरच कळेल.

नमस्कार.